लुगडं आणि स्किन

माझा साळा तरुणपणी पांढरकवड्याकडच्या आपल्या गावी दंडारीत बाई व्हायचा. माझी मुलगी मोबाइलवर पुरुष होते. आपण करतो त्यात काही विशेष आहे असं दोघांनाही वाटत नाही. दुसरा करतो त्यात मात्र दोघांनाही फार काय काय दिसतं. या दिवाळीत दोघं यवतमाळला आमच्या छपरीत एकत्र सापडले आणि रात्रीच्या जेवणापर्यंत दुसरा विषय निघाला नाही. मला गेम खेळता येत नाही आणि नाचताही येत नाही. त्यामुळे पंच म्हणून मी दोघांनाही चालत होतो.

दंडार ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं. दिवाळीच्या आगेमागे, सोयाबीन घरात येऊन कापसाची वेचणी सुरू झालेली असते त्या दिवसांत, गावातलेच गडी रात्री हे नाट्य उभं करतात. ढोलकी, झांजा, गण, गवळण, मग सोंगं. गोंड आणि कोलाम वस्त्यांमधली दंडार वेगळी; तिच्यात मोरपिसांचा मुकुट घातलेले घुसाडी असतात. पण बाईच्या वेशातले नाचे दोन्हीकडे. नाचणारे, गाणारे, सोंगं काढणारे सगळे पुरुष. गोष्टीत बाई लागतेच, म्हणून कोणाला तरी लुगडं नेसावं लागतं.

"आमी बाई झालो तं चार गावाले मालूम होतं का हा अमक्याचा पोरगा हाय," मामानं सुरुवात केली. "तू तिथं मिशा लावून बसली, तुले कोन ओयखते?"

"कोणी ओळखू नये म्हणूनच लावल्या ना, मामा."

"मंग ते सोंग नोहे. ते लपनं झालं."

मुलगी अमरावतीला वसतिगृहात राहते. मोबाइलवर ती गोळीबाराचे खेळ खेळते आणि मैत्रिणीच्या कॉम्प्युटरवर ते लांबलचक खेळ, ज्यांत आपलं एक पात्र घडवायचं आणि महिनोन्‌महिने त्याच्या नावानं हिंडायचं. 2004 साली आलेला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा या दुसऱ्या जातीतला सगळ्यात गाजलेला. खेळ सुरू होण्याआधीच हे खेळ विचारून घेतात : स्त्री की पुरुष? आपल्याकडच्या बहुतेक पोरांना हा प्रश्न प्रथम फोननं विचारला. 2 सप्टेंबर 2020 ला पबजीवर बंदी आली आणि पुढच्या जुलैत तोच खेळ बीजीएमआय होऊन परतला. 14 फेब्रुवारी 2022 ला फ्री फायर गेला, फ्री फायर मॅक्स राहिला. दत्त चौकात उभ्या असलेल्या कुठल्याही पोराला या तारखा विचारा. स्वातंत्र्यलढ्याच्या विचारू नका.

"माझ्या वर्गातली कितीतरी पोरं मुलीचं कॅरेक्टर घेतात," मुलगी म्हणाली.

"काहून?"

"उत्तर ठरलेलं आहे. या खेळात कॅमेरा आपल्या माणसाच्या मागे असतो. तासन्‌तास त्याची पाठच दिसते. मग म्हणतात, पाठच पाहायची तर पोरीची पाहू."

मामा खो खो हसला. "खरं बोलले पोट्टे."

"खरं नाही, सोपं बोलले. ही पोरं रात्र रात्र स्किन निवडत बसतात. झगा कोणता, केस कसे, डोळ्यांचा रंग कोणता. घरी त्यांच्याजवळ एक काळी पँट अन् एक निळी. नटायची हौस त्यांनाही असते. पण हौस आहे म्हटलं तर बाकीचे हसतील, पाठ पाहतो म्हटलं तर टाळी देतील. म्हणून पाठ."

मामा हसायचा थांबला. मग म्हणाला, "आता बोलली तू. काजय लावलं का डोया थंडा होते. मनगटभर काचेच्या बांगड्या भरल्या का हात आपला नाईच वाटत. गावात बाप्या मानसाले हे कधी मियते? दंडारीत मियते. म्या कोनाले सांगतलं नाई का मले ते आवडे. म्हनत होतो, मास्तरनं जबरदस्तीनं नेसवलं."

एवढ्यापुरतं दोघांचं जुळलं. तिनं पुढे सांगितलं की सगळेच काही हौशी नसतात. फ्री फायरमध्ये प्रत्येक पात्राला आपापला गुण असतो. केली नावाची मुलगी जास्त वेगानं पळते म्हणून ती घ्यायची; आलोक जखमा भरून काढतो म्हणून तो घ्यायचा; हृतिक रोशनवरून बेतलेला जय हवा त्यानं जय घ्यावा. तिथं बाई की पुरुष हे कोणी पाहत नाही.

"पटाची जोडी निवडताना कोन रंग पायते," मामा म्हणाला. शंकरपटाच्या गावचा माणूस, त्याला हे लगेच पटलं. बाईचं अंग बारीक, तिला गोळ्या कमी लागतात असाही पोरांचा एक समज आहे म्हणे. यावर मात्र त्यानं हात झटकला.

"आणि काही निव्वळ लुटारू," मुलगी म्हणाली. "मुलीचं कॅरेक्टर, मुलीचं नाव. अनोळखी पोरं भाळून महागाच्या स्किन भेट देतात. हा इकडे हसत बसतो."

"आमच्याबी पदराले लोक नोटा टाचत."

"तुम्ही कोण आहात हे माहीत असून टाचत. फरक आहे."

"हाय ना फरक! तेच तं म्हनून रायलो पयल्यापासून."

मामाचा मुद्दा मला हळूहळू कळत होता. त्याच्या मते सोंगाला पाहणारा लागतो आणि पाहणाऱ्याला दोन्ही गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : हा कोण आहे आणि हा कोण झाला आहे. या दोहोंतलं अंतर नट कसं तोडतो हे पाहायला लोक घोंगडी घेऊन रात्रभर बसतात. बालगंधर्वांचं काय होतं? नारायण श्रीपाद राजहंस हे पुरुष आहेत हे न कळता तिकीट काढलेला प्रेक्षक सापडायचा नाही. तरी त्यांच्या नेसण्याची, केशरचनेची नक्कल पुण्यामुंबईच्या चांगल्या घरांतल्या बायका करत. बायकांकडून उचललं एका पुरुषानं, आणि त्याच्याकडून पुन्हा उचललं बायकांनी. फाळक्यांच्या 1913 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये अण्णा साळुंके तारामती झाले, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. 1917 च्या 'लंकादहन'मध्ये तर तेच राम आणि तेच सीता. पळवली गेलेली आणि सोडवायला निघालेला एकच माणूस. मी हे सांगितल्यावर मुलगी म्हणाली, "दोन अकाउंट."

आता तिची पाळी होती, आणि तिच्या पोतडीत एक अभ्यास होता. अमेरिका-कॅनडातल्या संशोधकांनी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये मुद्दाम एक मोहीम रचून 375 जणांना ती खेळायला लावली आणि 2014 साली निष्कर्ष छापले. पुरुषांपैकी 23 टक्क्यांनी बाईचं पात्र घेतलं. बायकांपैकी फक्त 7 टक्क्यांनी पुरुषाचं. बाई झालेल्या पुरुषांनी दिसायला देखणी, लांब केसांची पात्रं पसंत केली. बोलणंही थोडं बदललं : भावनेचे शब्द वाढले, उद्गारचिन्हं वाढली. पण चालणं बदललं नाही. ते उड्या जास्त मारत होते, मागे मागे जास्त सरकत होते, घोळक्यापासून लांब राहत होते. शब्द बाईचे आणि पाय पुरुषाचे.

मामा ताठ बसला. "पाय! म्या तुले काय सांगतो, सारं पायात हाय. बोलनं काय, चार दिवसांत येते. मान वेयावनं येते. चाल येत नाई. आमच्या मास्तरनं काय केलं, नाचाच्या आधी मले हिरीवरून पानी आनाले लावलं. डोक्शावर भरली घागर. दोन दिवस मान आखडली. पन घागर आली का पाय आपोआप जवय पडते, पाठ सरय होते, नजर खाली जाते. बाईची चाल कमरेत नाई वं, घागरीत हाय. तवा मले समजलं का माय दिवसातून कितीकदा हिरीवर जाते."

"मग त्या दिवसापासून पाणी तुम्ही आणायला लागलात?"

मामानं माझ्याकडे पाहिलं. मी दिव्याकडे पाहिलं.

"नाई," तो म्हणाला. "दंडार संपली अन् घागर पुन्हा मायच्याच डोक्शावर गेली."

हा वाद मी कोणाच्या बाजूनं लावला असता तर इथंच लावला असता. बाईचं पात्र घेतलं की बाईचं काहीतरी कळतं, ही समजूत मामाचीच नाही. गेमवर लिहिणारी शहाणी माणसंही ती बाळगतात. कळतं, यात शंका नाही. घागरीचं वजन मामाला कळलंच होतं. पण कळण्यातून पुढचं काही निघेलच असं नाही, आणि गेममध्ये तर घागरही नसते. तिथली चाल बनवणाऱ्यानं आधीच घालून दिलेली असते. तुम्ही फक्त बोटानं काठी पुढे ढकलता. संशोधकांना जे पाय सापडले ते खेळणाऱ्याच्या सवयीचे पाय. त्या सवयीला कोणी हात लावला नव्हता.

मामा हार मानणारा नव्हता. त्यानं महाभारत काढलं, म्हणजे खरं तर चिखलदरा काढला. आमच्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या या गावाला कीचकदरा म्हणतात. भीमानं कीचकाला मारून तिथल्या दरीत टाकलं अशी आख्यायिका आहे.

"भीमानं लुगडं नेसलं का नाई?"

"नेसलं," मुलगी म्हणाली. "पण कशासाठी? कीचक जवळ यावा म्हणून. तुम्ही माझीच बाजू मांडताय. आमच्या वर्गातले ते लुटारू म्हणजे भीम."

"थांब ना. अन् अर्जुन? बृहन्नडा होऊन वर्षभर रायला. उत्तरेले नाच शिकवला. एक दिवसाचं सोंग नोहे ते. त्याले चालनंबी शिका लागलं असन, हात कसा फिरवाचा तेबी. लुगडं एकच, पन भीमाचं येगयं अन् अर्जुनाचं येगयं."

मूळ कथेत भीम अंधारात नुसता दबा धरून असतो. लुगडं त्याला बहुधा पुढच्या सांगणाऱ्यांनी नेसवलं असावं. पण एक गोष्ट मूळ कथेतलीच आहे आणि ती मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा नीट दिसली. कीचकाला बोलावलं ते विराटाच्या नृत्यशाळेत. दिवसा जिथं मुली नाच शिकत, त्याच जागेत रात्री भीम वाट पाहत बसला. म्हणजे दोन्ही कारणांची माणसं एकाच छपराखाली. ऑनलाइन खेळातही तसंच असतं. बाहेरून पाहणाऱ्याला लांब केसांची एक बाई दिसते, आत भीम आहे की अर्जुन हे कळायला मार्ग नसतो.

"आमच्याकडे अर्जुन कमी," मुलगी म्हणाली. मग थोडं थांबून, "पण आहेत. एक आहे. नाव विचारू नका. घरी त्याला मुलगा म्हणतात, कॉलेजच्या रजिस्टरवर मुलगा आहे. गेममध्ये मुलीचं पात्र आहे, आणि तिथं चार-पाच जण त्याला 'ती' म्हणतात. 'तू आलीस का?' एवढंच. त्या एका वाक्यासाठी ती रोज रात्री येते. तिला स्किन नको, गिफ्ट नको. ती सांगत होती, फोन बंद केला की पुन्हा अंगात शिरल्यासारखं वाटतं. तिथं कोणी तिला ओळखत नाही, मामा, म्हणूनच तिथं ती आहे. तुमच्या चार गावांनी ओळखलं असतं तर?"

मला वाटलं मामा हे हसण्यावारी नेईल. त्यानं नेलं नाही.

"आमच्यात होता एक," तो म्हणाला. "माह्यापेक्षा बारीक, आवाज गोड. आमी दंडार आटपली का पंधरा मिनिटांत तोंड धुऊन बिडी वढाले मोकये. तो लुगडं सोडे नाई. पहाट होये तरी बसून राये. लोक पयल्यांदा हासले, मंग बोलाले लागले. नाचाले पायजे म्हनून रात्री आनत, दिवसा वाटेनं दिसला का पोट्टे टाया वाजवत. गेला तो गाव सोडून. कुठं गेला आमी इचारलं नाई."

दंडारीच्या गावांतच असं घडतं असं नाही. गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या उभा केला आणि लोकांनी पडद्यावरचं सोंगच खरं धरलं. त्याचा जाच त्यांच्या घरच्यांनाही झाला. 'नटरंग' हा 2010 चा चित्रपट याच दुखण्यावर उभा आहे. मामाचा सिद्धान्त असा की पाहणाऱ्याला सगळं ठाऊक असतं म्हणून सोंग निरोगी राहतं. त्याच्याच आठवणीनं तो अर्धा मोडला. ठाऊक असणारी माणसं किती क्रूर होतील याचा त्यानं हिशेब धरला नव्हता.

मुलीनं मात्र तो मुद्दा रेटला नाही. तिनं पुण्याचा विषय काढला. नोडिंग हेड्स गेम्स या पुण्याच्या मंडळींनी 2020 साली 'राजी' नावाचा खेळ काढला. भावाला असुरांनी नेलं म्हणून त्रिशूळ घेऊन निघालेली मुलगी. त्यात निवड नाहीच. खेळायचं तर राजीच व्हायचं. वसतिगृहाजवळच्या पोरांनी तो खेळ खेळला, आणि आपण मुलगी का झालो असं त्यांतल्या एकालाही वाटलं नाही, कोणी विचारलंही नाही. निवड दिली की मगच कारणं सांगावी लागतात.

"आमचंबी तसंच," मामा म्हणाला. "मास्तरनं नेमून देल्लं, आमी नाचलो."

"पण तुम्हाला नेमून देल्लं कारण बायकांना उभंच राहू देत नव्हते," मुलगी म्हणाली. "तुम्ही नाचत होतात तेव्हा माझी आई कुठं होती?"

"मांगं. बायकांत बसली असन."

"ती नाचली असती तर?"

"तोबा! बापानं..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. आतून माझी बायको काही बोलली नाही, पण भांड्यांचा आवाज थांबलेला मी ऐकला.

इथं मी थोडं बोललो. याच यवतमाळात जानेवारी 2019 मध्ये 92वं साहित्य संमेलन झालं. लेखिका नयनतारा सहगल यांचं उद्घाटनाचं निमंत्रण मागे घेतल्यानं ते देशभर गाजलं, आणि अखेर उद्घाटन केलं वैशाली येडे यांनी, आपल्याच जिल्ह्यातल्या, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीनं. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापेंनी बसवलेल्या 'तेरवं' या नाटकात त्यांनी कामही केलं आहे. शेतकऱ्यांच्या विधवांचं नाटक, आणि त्यात अशा बायका स्वतः उभ्या. लुगडं त्यांचंच, नाव त्यांचंच.

"मंग तेच तं म्हनतो," मामानं मला आपल्या बाजूला ओढलं. "खरं नाव घेऊन उभं रायनं. इले लपाची काय गरज?"

मुलगी उठून बसली. "गरज सांगते. एकदा माइक सुरू राहिला. माझा आवाज ऐकून एक जण ओरडला, अरे मुलगी आहे. पुढची वीस मिनिटं कोणी खेळलं नाही. एक लग्नाचं विचारत होता, एक आईवरून शिव्या देत होता, एक माझी बाजू घेत होता आणि मग माझा नंबर मागत होता. त्या दिवशी मिशा लावल्या. आता कॉम्प्युटरवर मुलगीच घेते. गंमत ऐका, तिथं काही त्रास नाही. कारण बाईचं पात्र दिसलं की सगळे धरूनच चालतात, मागे एखादा पोट्टाच बसला असणार. इतक्या पोरांनी बायका घेतल्या आहेत की खरी बाई त्यांच्यात कोणाला दिसतच नाही. फक्त बोलायचं नाही."

मामाला हे फार आवडलं. "म्हनजे लुगडं नेसलं पोट्ट्यांनी अन् झाकली गेली तू!"

"हो."

"पन मुकी."

"हो. मुकी."

"तं माइक सुरू कर. आयक माह्यं. दंडारीत पयली बाई उतरन तवा तिले शिव्या बसतीन, दगडंबी बसतीन. दुसरीले कमी बसतीन. दहावीले कोनी इचारनार नाई."

माझ्या मुलीला यवतमाळ सोडून तीन-चार वर्षं झाली. घरी आली तरी ती पुस्तकी बोलते, वऱ्हाडीत बोलली की मैत्रिणी हसतात म्हणून. ती मामाकडे वळून म्हणाली, "पयली म्याच काहून व्हावं?"

मामानं दाढी खाजवली. "तेबी खरं हाय," तो म्हणाला. मग त्यानं तिच्या त्या कॉम्प्युटरवरच्या बाईचा फोनमधला व्हिडिओ लावायला सांगितला. लांब केस, हातात धनुष्य, डोंगरावरून चाललेली. त्यानं चश्मा लावून तो पुन्हा पुन्हा पाहिला.

"पाय दूर दूर पडून रायले इचे," तो म्हणाला. "इनं कधी घागर नाई उचलली."